काळे हातमोजे

यशपालनं बेळगावात, शहापुरातल्या विणकरांच्या गल्लीत घर घेतलं, तेव्हा त्याच्या आईला, पारूबाईला, धाकधूक वाटली होती. तिचा जन्म निपाणीत विड्या वळण्यात गेला. पोरगा बँकेत ऑफिसर झाला तरी जात हुडकणाऱ्या लोकांच्या नजरा ती ओळखून होती. "गप दिसणाऱ्या माणसांत लई जपून ऱ्हावं लागतंय," एवढंच ती म्हणाली.

यशपालला बॅटरीचा नाद लागला तो बहिणीमुळं. बोरगावात दारात चार्जिंगला लावलेली सुविधाची स्कूटर भडकली आणि तिची पाठ नि दोन्ही हात भाजले. बॅटरीच्या आतला रसायनाचा द्रव पेटतो, हे त्याला नंतर वाचून कळलं. मग द्रव नसलेली, घट्ट पापुद्र्याची बॅटरी आपणच करून बघायची, असं त्यानं डोक्यात घेतलं. सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत तो पापुद्रे वाळवायचा, ते एकावर एक ठेवून गाडीच्या जॅकनं बॅटरीच्या चकत्या दाबायचा. त्यात लागणाऱ्या लिथियम धातूला हवेतली ओलसुद्धा चालत नाही, म्हणून त्यानं काचेसारख्या प्लास्टिकची बंद पेटी केली. आत हात घालून काम करता यावं म्हणून तिला काळे रबरी हातमोजे बसवले आणि आत भरायला वेल्डिंगच्या दुकानातून आर्गॉन वायूचा सिलिंडर आणला. वर्षभर घासल्यावर एका चकतीवर बारका दिवा तासभर तेवत राहिला. त्या दिवशी त्यानं आईला हाताला धरून खोलीत नेलं होतं.

सिलिंडर रिक्षातून उतरताना समोरच्या परशरामनं बघितला. परशराम पॉवरलूमवाला, गल्लीतला वजनदार माणूस. "ह्यात काय हाय?" त्यानं विचारलं. "वायू हाय अण्णा, पेटत न्हाय," यशपाल म्हणाला. परशरामला ते पटलं नाही. पुढं कुणीतरी खिडकीतून त्या पेटीचा आणि काळ्या हातमोज्यांचा फोटो काढला, आणि रविवारी सकाळी तो गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. खाली लिहिलं होतं, शहापुरात बॉम्बचा कारखाना.

दुपारी दार वाजलं नाही. फुटलंच.

पंधरा-वीस जण आत घुसले, पुढं परशराम, हातात लोखंडी गज. यशपाल हॉटप्लेटवर पापुद्रा वाळवत होता. तो वळेपर्यंत गज मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. कुणी केस धरून त्याला भिंतीवर आपटलं, कुणी पोटात लाथ घातली. तोंडात रक्त आलं, दात जिभेवर सुटा लागला.

"बॉम्ब करतोस व्हय रं? आमची लेकरं मारणार हाईस?"

"बॅटरी हाय! अण्णा, बॅटरी हाय ती!"

"ह्यांना गल्लीत घर दिलं तिथंच चुकलं," मागनं एक जण ओरडला, आणि मार वाढला. पारूबाई मधे पडली. तिला ढकललं तशी ती उंबऱ्यावर आदळली. तिच्या कपाळातलं रक्त बघून यशपालनं एकाच्या दंडाचा लचका तोडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटला.

परशरामनं पेटीवर गज घातला. पेटी फुटली, लिथियमच्या पत्र्याची गुंडाळी तापलेल्या हॉटप्लेटवर पडली आणि पांढराशुभ्र जाळ उठला. बघवत नव्हतं इतका उजेड. माणसं दाराकडं पळाली. परशरामनं कोपऱ्यातली घागर उचलली.

"पाणी नगं!" यशपाल किंचाळला. "पाणी घालू नगा! वाळू, वाळू!"

"घर जाळून पुरावा मिटवतोस व्हय?" म्हणत परशरामनं घागर ओतली.

धडाका झाला. वितळलेल्या धातूचे पेटते थेंब खोलीभर उडाले. परशराम तोंड धरून खाली पडला, शर्ट पेटला होता, आणि तो गुरासारखा ओरडत होता. आत आलेल्यांतलं एकही माणूस त्याच्यासाठी थांबलं नव्हतं.

क्षणभर यशपाल नुसता बघत राहिला. मग त्यानं शाबूत हातानं वाळूची बादली जाळावर उपडी केली, चादर टाकून शर्ट विझवला आणि परशरामला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. "का रं वडतोस त्याला?" रक्तानं माखलेली पारूबाई म्हणाली. त्यानं तिच्या कपाळावर रुमाल दाबला.

पोलिसांनी आधी यशपाललाच नेलं. मोडलेल्या मनगटानं तो दोन रात्री कोठडीत होता. तपासणीत स्फोटकं नव्हती असं निघाल्यावर त्याला सोडलं, आणि त्यानं परशरामवर मारहाणीची केस घातली. परशरामचा उजवा डोळा गेला.

महिन्यानं त्याची बायको चंपाबाई दारात आली. पदर डोळ्याला होता. "केस मागं घ्या, साहेब. तुम्हीच वाचवलंत की त्यांना."

"वाचवलं," यशपाल म्हणाला. "केस मागं घेणार न्हाय, आक्का. माझी आई अजून दार वाजलं की संडासात जाऊन कडी लावती."

चंपाबाई माघारी वळली. पारूबाईनं तिला पाणी विचारलं नाही.

गल्ली त्यांनी सोडली नाही. नाद मात्र आता उद्यमबागेच्या कारखान्यांत एका वर्कशॉपच्या भाड्याच्या कोपऱ्यात चालतो. उजवं मनगट वळत नाही, जॅक डाव्या हातानं मारावा लागतो. सुविधा एकदा येऊन बघून गेली, चकतीला हात लावला नाही.

बेळगावच्या कोर्टात तारखा पडतात. गेल्या खेपेला जागा नव्हती म्हणून यशपाल एका बाकाच्या कडेला टेकला. शेजारी परशराम होता, गेलेल्या डोळ्याची उजवी बाजू याच्याकडं. त्याला कळलंच नाही कोण बसलंय. "पाणी हाय का हो थोडं?" त्यानं समोर बघत विचारलं. यशपालनं बाटली त्याच्या हातात दिली आणि उठून जिन्याजवळ जाऊन उभा राहिला.