मोरपंखी साडीचा फ्रॉक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं वडिलांनी मशीनवर बसवलं, ते पंचावन्न वर्षं उठलो नाही. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. बायको फेब्रुवारीत गेली. मुलानं घराला कुलूप घातलं आणि मला इथं अमेरिकेत, रेडमंडला आणलं. बाहेर पाऊस, आत हीटर. मला गाडी चालवता येत नाही, इथली भाषा येत नाही. दार उघडंच असतं, पण जायचं कुठं?

इथं वर्ष संपताना लोक घरच्यांचा फोटो छापलेलं कार्ड एकमेकांना पाठवतात. हॉलिडे कार्ड म्हणतात. त्याला फोटोवाला दोन महिने आधी ठरवावा लागतो. आमचा ठरला होता रविवारी तीनला, पार्कात. कपडे सगळ्यांचे एकमेकांना जुळणारे हवेत. सुनेनं आम्हा सगळ्यांना साईच्या रंगाचे स्वेटर आणले. माझ्या स्वेटरचा गळा इतका घट्ट की डोकं घालताना कान दुखले.

सोमवारी ती माझ्या खोलीत आली. हातात माझ्या बॅगेतली साडी. मोरपंखी, जरीच्या काठाची.

"बाबा, ही कोरीच आहे. आईंनी कधी नेसलीच नाही वाटतं. छोकरीला याचा फ्रॉक शिवाल? म्हणजे फोटोत आईपण असतील."

छोकरी म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची. सून मनापासून बोलत होती. डोळे भरले होते तिचे. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मी बरं म्हणालो.

साडी कोरी का राहिली ते तिला ठाऊक नव्हतं. मुलाच्या लग्नात घेतलेली ती. अकरा वर्षं झाली. ब्लाउज पीस साडीलाच जोडलेला होता, मी तो कापलाच नाही. आधी दिवाळीची कामं, मग लग्नसराई, मग पुन्हा दिवाळी. गिऱ्हाईक दारात भांडतं, घरची भांडत नाही. मग घरचीचं काम मागं पडतं. ती म्हणायची, "मी पण नंबर लावू का? पावती फाडा माझी." दुसऱ्या शिंप्याकडे टाक म्हणालो, तर म्हणाली, "शिंप्याची बायको दुसऱ्याकडे ब्लाउज टाकते, हे गावाला सांगू का?" मग मीही हसायचो आणि दुसरीचा ब्लाउज हातात घ्यायचो.

आता ती साडी कापायला कात्री माझ्याच हातात.

मी सबबी सांगायला लागलो. सोमवारी म्हणालो, मशीन नाही. संध्याकाळी सून मैत्रिणीकडून मशीन घेऊन आली. प्लास्टिकचं, खेळण्याएवढं. मंगळवारी म्हणालो, या सुईनं जरीचं कापड ओढलं जातं. बुधवारी दारात सुयांचं पाकीट. कात्रीला धार नाही म्हणालो, तर गुरुवारी नवी कात्री आली, खोक्यात गुंडाळून. आमच्या गावात एक सबब महिनाभर पुरायची. इथं तिला दुसरा दिवस बघायला मिळत नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज. संडेचा स्लॉट आहे. कॅन्सल केला तर यंदा परत मिळणार नाही. तुमच्या हातचा मळ आहे हा यार, दोन तासांचं काम."

"तुझ्या मशीनवर दोन तासांचं असेल," मी म्हणालो. त्याचं मशीन म्हणजे कॉम्प्युटर. तो हसला आणि मीटिंगला गेला.

गुरुवारी दुपारी नातीचं माप घ्यायला लागलो. ती हात पसरून उभी.

"आजोबा, आजीनं ही का नाही वेअर केली?"

"ब्लाउज नव्हता."

"तुम्ही तर ब्लाउजच बनवता."

"हो."

"देन व्हाय?"

टेप गळ्यात तसाच टाकून मी खाली स्वयंपाकघरात गेलो आणि सुनेला सांगितलं, "आधी तिचा ब्लाउज शिवतो. मग फ्रॉक."

मुलगा तिथंच कॉफी करत होता. "कोण घालणार आहे तो?" असं म्हणाला. म्हणाल्यावर त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण त्यानं नळ सोडला आणि धुतलेलाच कप परत धुतला.

"करू दे त्यांना," सून म्हणाली.

खोलीत येऊन ब्लाउज पीस पसरला. खडू हातात घेतला आणि तसाच बसलो. तिचं माप आठवेना.

सरपंचाच्या बायकोची छाती अडतीस. शाळेतल्या बाईंचा खांदा साडेतेरा, डावा जरा खाली. पोस्टमनच्या आईची बाही साडेनऊ. सगळं पाठ आहे. बायकोचं काहीच नाही. कारण तिच्या अंगाला मी कधी टेप लावलाच नाही. ती मापाचा जुना ब्लाउज मशीनवर आणून टाकायची आणि मी त्याच्यावरून कापायचो. तो मापाचा ब्लाउजही राहिला नाही. तिचे कपडे तेराव्याच्या आत वाटून टाकले. मुलगा थांबू म्हणत होता. मीच म्हणालो, वाटा, डोळ्यांपुढं नकोत.

पुन्हा खाली गेलो. सून भाजी चिरत होती.

"तुला तिचं माप ठाऊक आहे का गं?"

तिनं सुरी ठेवली. "माप नाही बाबा. मी त्यांना स्वेटर आणायचे तेवढं माहीत आहे. आधी मीडियम. मग स्मॉल." चिरलेली भाजी बाजूला सारली. "जानेवारीत गावाला आले तेव्हाचा मुलांच्या सेक्शनमधून घेतला होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला दिसत होतं ना, बाबा."

मला दिसत नव्हतं. तिच्या आजारपणात रोज पाय चेपायचो, औषध द्यायचो, पण माणूस एवढा आटला हे मला दिसलं नाही. पंचावन्न वर्षं बायकांच्या अंगाचा अंदाज नजरेनं घेऊन पोट भरलं मी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितोय.

ब्लाउज कापायचा तर कोणत्या मापाचा? लग्नातल्या बाईचा की जानेवारीतल्या? दोन्ही मला माहीत नाहीत. आणि खाली तीन माणसं फ्रॉकची वाट बघत होती.

शुक्रवारी सकाळी साडी कापली. घेर दोन थरांचा, चांगला मोठा पडला, काठ खाली घेतला. पण पोरीला लांब बाह्या हव्या होत्या, थंडीसाठी, आणि पदराला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. कापड कमी पडलं. मग ब्लाउज पीस घेतला. दोन बाह्या त्यातच संपल्या. हातभर चिंधी उरली, तिच्यात कुणाचाच ब्लाउज होत नाही.

रविवारी पाऊस थांबला होता. फोटोवाली पोरगी तरुण होती, सारखं काहीतरी बोलून हसवत होती. मुलगा मला कानात म्हणाला, "बाबा, जरा हसा. सगळीकडे जाणार आहे कार्ड." मी नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. डावी बाही काखेत ओढत होती. गावात असा माल मी गिऱ्हाईकाला दिला नसता, उसवून परत शिवला असता. पोरीला सांगितलं, हात वर करू नको. ती तशी उभी राहिली, हात अंगाशी धरून, शेवटपर्यंत.