दोन बोटं गुंजाइश

आमच्या शिवणाच्या बाईंनी आयुष्यात एकही झंपर कुणाच्या नेमक्या मापाचा शिवला नाही. टेप कायम गळ्यात असायची, पण ती जवळपास दागिन्यासारखीच. माप द्यायला आलेल्या बाईला त्या आधी स्टुलावर बसवत आणि चौकशी सुरू करत. जेवण जातंय का, कितवा महिना, माहेरी कधी जाणार, सासूचं नि तुझं बरं आहे ना. आपण झंपर शिवायला आलोय की दवाखान्यात, असा त्या बाईचा चेहरा व्हायचा. सगळं ऐकून झालं की बाई टेप लावायच्या, आकडा बघायच्या आणि वहीत भलताच आकडा लिहायच्या.

"आकडा आजचा असतोय," त्या म्हणायच्या. "झंपर दोन वर्सं घालायचा हाय."

बाई मूळच्या लासूर स्टेशनच्या. शाळा झाली चार इयत्ता, तीही निजामाच्या अमलातली, उर्दूतून. लग्नानंतर औरंगाबादेत आल्या, यजमान लवकर गेले, आणि शेजारच्या म्हाताऱ्या उस्तादांनी त्यांना शिवण शिकवलं. पोलीस ॲक्शन झाली, सरकार बदललं, गुलमंडीवरच्या पाट्या मराठी झाल्या, तरी बाईंच्या कात्रीची भाषा उस्तादांचीच राहिली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडायचं त्याला त्या गुंजाइश म्हणत. "दोन बोटं गुंजाइश ठेव" हे दिवसातून इतक्यांदा कानावर पडायचं की आम्ही मुली पाठीमागं त्यांना गुंजाइशबाईच म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा तर त्यांनी स्वतःच दारातून विचारलं होतं, की गुंजाइशबाईंचा डबा कुणी हलवला.

मी पिशोरची. मॅट्रिकला गणितात गेले आणि वडिलांनी कन्नड गावचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करून टाकलं. मुलाचं वय आईलासुद्धा पटलं नव्हतं. मी हट्ट धरला की औरंगाबादला दादाकडे राहून सरकारी शिवणपरीक्षा देते. पास झाले तर शाळेत नोकरी मिळेल, नाही झाले तर तुम्ही म्हणाल तिथं उभी राहीन. वडिलांनी एक वर्ष दिलं. बाईंच्या क्लासात मी आले ती अशी, डोक्यावर टांगती तलवार घेऊन.

गुंजाइश हा शब्द मला नवा नव्हता. एस.टी.चा कंडक्टर, हेडमास्तर, माझे वडील, सगळ्यांच्या तोंडी तो होता, पण कायम 'नाही'ला चिकटलेला. गाडीत गुंजाइश नाही, वर्गात गुंजाइश नाही, आणखी शिकवायची गुंजाइश नाही. मला वाटायचं, हा शब्द नकार द्यायलाच केलेला असावा. त्यामुळे पहिल्याच दिवशी बाईंनी गुंजाइश ठेवायला सांगितलं तेव्हा मी खडू हातात धरून नुसती बसून राहिले. जी नसतेच ती ठेवायची कशी, असं मी शेजारणीला हळूच विचारलं. ती फिदीफिदी हसली आणि तिनं ते सगळ्या क्लासाला ऐकवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक तयार झंपर घेतला, उलटा केला आणि बाजूची शिवण माझ्यापुढं धरली. टिपेच्या पलीकडं दोन बोटं कापड मुकाट्यानं दुमडून पडलं होतं. "ही बघ," त्या म्हणाल्या. "भायेरून दिसत नाय. पन हाय."

औरंगपुऱ्यात बाई राहायच्या त्याच खोलीत क्लास भरायचा: तीन मशिनी, एक कापायचं लांब टेबल आणि आम्ही अकराजणी. नवी मुलगी दारात उभी राहिली की आम्ही सगळ्या खाली माना घालायचो, कारण बाई आता काय म्हणणार ते माहीत असायचं. "सरका गं, दोन-दोन बोटं." कुरकुर करत सगळ्या सरकायच्या आणि खरोखरच एका मुलीपुरती जागा निघायची. ती कुठून निघायची, हे मला अजून सांगता येणार नाही. पुढं मॅट्रिकचं गणित मी पुन्हा दिलं आणि सुटले, तरीही.

बाईंची एक फजिती सांगितलीच पाहिजे. तेव्हा पुण्याकडचे बरेच अधिकारी बदलून औरंगाबादेत येत. त्यातल्या एकांच्या पत्नी झंपर न्यायला आल्या, तो उलटसुलट करून पाहिला आणि शुद्ध स्वरात विचारलं, "बाई, माया किती सोडलीत?" आमच्याकडं माया म्हणजे एक तर जीव लावणं, नाही तर गाठीला जमवलेला पैसा. बाईंना वाटलं, ही बाई आपली मिळकत विचारते आहे. त्या ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "कसली माया, बाईसाहेब? ह्या तीन मशिनी हायत, त्यातली एक बंद." बाईसाहेब बावचळल्या. शेवटी परीक्षेचं पुस्तक वाचणाऱ्या एका मुलीनं खुलासा केला, की शिवणीतल्या जादा कापडाला पुस्तकात माया म्हणतात. त्यावर सगळ्यात जास्त हसल्या त्या बाईच. पुढं दोन-चार दिवस त्यांनी "दोन बोटं माया ठेव" असं म्हणून पाहिलं. मग सोडून दिलं. "शब्द ग्वाड हाय," म्हणाल्या, "पन माज्या त्वांडात बसंना."

दिवाळी जवळ आली आणि माझं घोडं अडलं. दादाच्या दीड खोलीत तिसरं बाळंतपण आलं होतं, वहिनीची आई येऊन राहणार होती. दादा वाईट नव्हता. त्यानं खाली मान घालून सांगितलं की आता जागेची गुंजाइश नाही, दिवाळीला पिशोरला चल. परीक्षा तर उन्हाळ्यात होती. म्हणजे परीक्षा गेली, आणि स्थळ काही जाणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लासात मी एकच बाही तीनदा उलट्या बाजूनं लावली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्या बाही उसवत राहिल्या.

संध्याकाळी दादा मला न्यायला आला तेव्हा बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "दादासाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं गुंजाइश नाय, त्यात तुमचा काय कसूर नाय. माज्याकडं हाय. पोरीची ट्रंक आणून द्या."

दादानं खोलीत नजर फिरवली. तिथं उभं राहायलाही त्याला जागा नव्हती.

मी सात महिने त्या खोलीत राहिले. ट्रंक टेबलाखाली, अंथरूण टेबलावर. सकाळी अंथरूण गुंडाळलं की त्याच टेबलावर कापड पसरायचं. एवढ्या महिन्यांत बाईंनी मला एकदाही, अवघडल्यासारखं वाटतं का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर वाटलं असतं. मी परीक्षा पास झाले, स्थळ मोडलं, शाळेत शिवणशिक्षिका म्हणून लागले. वर्गात मी पुस्तकाप्रमाणे माया म्हणते आणि घाईत असले की गुंजाइश.

बाईंचे दिवस मात्र उतरत गेले. अंगाला घट्ट बसणाऱ्या ब्लाउजची फॅशन आली, आणि घट्ट शिवणं बाईंच्या हाताला जमेना. बायका तोंडावर म्हणायच्या, हा झंपर आहे की तंबू. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढचाही तसाच शिवायच्या. मी त्यांना समजवायला गेले तर माझ्यावरच उखडल्या. माणूस काय खिळा आहे का, ठोकला तिथं आहे तेवढाच राहायला, असं त्यांचं म्हणणं. हळूहळू गिऱ्हाईक गुलमंडीतल्या शिंप्यांकडं गेलं.

मग त्या आजारी पडल्या. हात थरथरत म्हणून स्वतःचा झंपर माझ्याकडं घेऊन आल्या. सैल होतोय, आत घे म्हणाल्या. मी दोन्ही बाजूंनी एकेक टीप आत घातली. टिपेबाहेर आता बरंच कापड राहिलं, ते टोचेल म्हणून मी कात्री उचलली. बाईंनी माझं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता.

"कापू नगं," त्या म्हणाल्या. "आतच ऱ्हाऊ दे. भरंल अंग परत."

दोन महिन्यांनी तोच झंपर घेऊन पुन्हा आल्या. दुसरी टीप. नंतर त्यांना येववेना, तर मीच जाऊन झंपर घेऊन आले. तिसरी टीप घालताना मला समोरचं दिसत नव्हतं, तरी कात्रीला हात लावला नाही.

तो झंपर माझ्या मशिनवर घडी करून ठेवला होता आणि मी शाळेतून येऊन तो द्यायला निघणार होते, तेवढ्यात बाईंच्या शेजारची मुलगी सांगत आली, बाई गेल्या. बाईंना न्यायच्या आधी नवं नेसवायचं होतं, आणि तिथल्या बायका म्हणत होत्या, अंगात घालायला काही धड नाही. मी मशिनपाशी बसले आणि रडत रडत, पण एकही धागा न ताणता, दोन्ही बाजूंच्या तिन्ही टिपा उसवल्या. कापड पुरतं मोकळं झालं. त्यावर इस्त्री फिरवली आणि औरंगपुऱ्यात गेले.

खोली माणसांनी भरली होती. मला बघून सगळ्याजणी थोड्या थोड्या सरकल्या. आम्ही तिघींनी मिळून बाईंच्या अंगात झंपर घातला. त्यांना तो खूपच सैल झाला. त्यांनी शिवला असता तरी तसाच शिवला असता.