पातेल्यावरून ठरलेलं लग्न

रायपूर राजधानी झालं, सचिवालय शहराबाहेर नवा रायपूरला गेलं, तरी आम्हा मराठी घरांच्या बातम्या जुन्याच वाटेने फिरत होत्या. वर्गणीतून घेतलेली समाजाची मोठी भांडी पुरानी बस्तीतल्या एका काकूंकडे असत. त्यातलं सगळ्यात मोठं पातेलं मुंज, साखरपुडा किंवा तेरवीलाच कोणी नेई. ते कोणाकडे गेलं यावरून त्या घरात काय चाललंय हे काकू ओळखत, आणि ओळखलेलं पोटात ठेवणं त्यांना कधी जमलं नाही.

माझी ताई सचिवालयात नोकरीला होती. नागपूरचे लोक तिला पाहायला येणार होते. मुलासोबत त्याची आई, मामा, मावश्या, मावश्यांची पोरं, अशी जीपभर माणसं. घरातलं पातेलं भाताला पुरणार नाही म्हणून आईने काकूंकडचं मोठं आणवलं, आणि नुसतं पाहणं आहे हे सांगायचं राहून गेलं. घरात लग्नाची मुलगी आणि दारात मोठं पातेलं, काकूंना आणखी पुरावा नको होता.

पाहुणे जेवून गेले. मुलगा बरा होता. मात्र लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असं त्याच्या आईने हात धुता धुता सांगून टाकलं. ताईने त्याच संध्याकाळी बाबांना नकार सांगितला. बाबा म्हणाले, घाई करू नको. मग तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, बाबांशी बोल.

तोवर बातमी घराबाहेर पडली होती. देवळात आईचं अभिनंदन झालं. बाबांच्या ऑफिसात लोकांनी पेढे मागितले. अभनपूरची आत्या ‘सख्खी असून मला कळवलं नाही’ म्हणून रुसून बसली. शेवटी ही बातमी नागपूरला पोचली आणि मुलाच्या मामांचा फोन आला, की तुमच्याकडून पक्कं झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. बाबांनी फोनवर नुसतं ‘हो, हो’ केलं. त्या ‘हो, हो’चा मला आजही राग येतो. आता नाही म्हटलं तर चार लोकांत शोभा होईल, असं ते आम्हालाच समजावत राहिले. जे कोणी ठरवलंच नव्हतं, ते आता मोडता येईना.

ताई रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये ती नेहमीची जागा सोडून काकूंच्या सुनेशेजारी जाऊन बसली. सूनही सचिवालयातच होती, आणि सासूचा गुण तिने पुरता उचलला होता. मी नागपूरवाल्यांना नकार दिलाय, असं ताईने तिला सांगितलं. वर, कोणाला बोलू नका, असंही म्हणाली. हे वाक्य घातल्याशिवाय बातमी नीट चालत नाही, असं तिने मला नंतर शांतपणे समजावलं.

संध्याकाळी बाबा बाजारातून भाजी न घेताच परतले. बाजारात त्यांना दोघांनी गाठून हळहळ व्यक्त केली होती. घरी मामांचा फोनही येऊन गेला होता, आणि या खेपेला त्यांना आनंद झालेला नव्हता. बाबा चपला न काढताच ताईसमोर उभे राहिले.

“साऱ्या गावाले सांगून राहिली तू. आम्हाले काहून नाही सांगितलं?”

ताई डबा घासत होती. तिने नळ बंद केला.

“सांगितलं होतं, बाबा. तुम्हाले बी, आईले बी. घरात सांगितलं तं तुम्हाले ऐकूच नाही आलं. लोकायनं सांगितलं, तवा खरं वाटलं.”