नवव्या दिवसाची डोकेदुखी

परवा गेलेल्या सुभद्रामावशीला रामराम घालायची सोय नव्हती. भेटली की आधी तीच विचारायची, "डोकं दुखतंय का? पाय सुजलाय का?" आमच्या तिकोणा पेठ गावात ती सगळ्यांचीच मावशी आणि आशाताई, म्हणजे सरकारची आरोग्य स्वयंसेविका, होती. शाळेत कोरोनाच्या लसीचं शिबिर लागलं आणि कुणी येईना, तेव्हा तिनं घराघरांतून माणसं ओढून आणली. "मी सांगते न्हवं, काय होत न्हाई," या तिच्या एका वाक्यावर मीही दंड पुढे केला.

नवव्या दिवशी माझं डोकं असं उठलं, की कपबशीचा आवाजही सोसेना. नडग्यांवर लाल ठिपके आले. तळेगावच्या एका दवाखान्यात दाखल केलं, तिथं रक्तात प्लेटलेट्स कमी निघाल्या. प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यू, हे मावळात शेंबडं पोरही सांगतं. आईनं पपईच्या पानांचा रस सुरू केला, मेव्हण्यानं किवी आणली. मी मात्र खालावतच गेलो.

तीन दिवसांनी मावशी दोन गाड्या बदलून आली. "ताप कुटंय याला?" तिनं आईला विचारलं. ताप नव्हताच. म्हणजे हा डेंग्यू नव्हे, हे मावशीनं दारातच ताडलं. लसीचं नाव काढलं, तर गावात पुन्हा कुणी तिचं ऐकणार नाही, हे तिला कळत होतं. तरी ती डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "सायेब, याला लस घेऊन आज बारा दिस झाले. मीच नेलता."

डॉक्टर तरुण होते, पण ऐकणारे निघाले. त्यांनी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. लसीनंतर अगदी क्वचित कुणाचं शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटतं. प्लेटलेट्स संपतात आणि गुठळ्याही होतात. माझ्या मेंदूच्या शिरेत एक होती. लावायला आणलेली प्लेटलेट्सची पिशवी परत गेली, रक्त पातळ करायचं नेहमीचं इंजेक्शनही टाळलं; या आजारात दोन्हींनी गुठळ्या वाढू शकतात. वेगळी औषधं दिली आणि मी वाचलो.

आईनं तरी मावशीला उभ्या उभ्या शिव्या घातल्या. मावशीनं त्या ऐकून घेतल्या आणि गावात घरोघर जाऊन स्वतःच सांगितलं, "एकाला झालं. लय क्वचित होतं, पर झालं. काय होत न्हाई म्हनले, ते माझं चुकलं. डोकं दुखलं तर दडवू नका." झालं! पुढच्या शिबिराला चिटपाखरूही फिरकलं नाही. मावशी कोऱ्या वहीसमोर बसून राहिली.

दुपारी आई मला घेऊन शाळेत गेली. मला वाटलं, काही शिव्या उरल्या असतील.

"लिही माझं नाव," आई म्हणाली.

"वैनी, इचार करा."

"केला. तू गप बसली असतीस, तर पोरगं गेलं असतं माझं. आता तुझं समदं खरं वाटतंय. लिही."

मावशी ढसाढसा रडायला लागली. तिच्या हातून लिहिणं होईना, म्हणून आईचं नाव मीच लिहिलं.