काचेतलं स्थिर पाणी

त्र्यंबक मिस्त्री एका जागी बसू शकत नसे. जेवायला बसला तरी अर्ध्या भाकरीवरून उठून दाराशी जाई, भोंगा ऐकू येतोय का बघे. त्याची बायको रंगूबाई म्हणे, "अन्न तरी पोटात जाऊ द्या, गिरणी कुठं पळून जात नाही."

मूळचा तो टिटवाळ्याच्या सुताराचा मुलगा. लाकडापेक्षा लोखंडात जीव रमला, म्हणून कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात लागला. पण तिथं वर्षानुवर्षं एकच काम करायचं, ते त्याला जमलं नाही. पुढं खाडीच्या काठावर गोपीनाथशेठनं भात सडायची गिरणी काढली, वाफेचं इंजिन बसवलं, तेव्हा त्र्यंबक तिथं मिस्त्री झाला. रंगूबाईचा धाकटा भाऊ नाथा बॉयलरची भट्टी सांभाळायचा. ही गोष्ट प्लेग येण्याच्या थोडी आधीची.

त्र्यंबकला सतत शंका यायच्या. चाकाचा आस तापला, पट्टा घसरतोय, कुठून तरी वास येतोय. त्या हंगामात दोनदा त्यानं इंजिन थांबवायला लावलं, सगळं उघडून पाहिलं आणि दोन्ही वेळा काहीच निघालं नाही. गोपीनाथशेठ माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्या वेळी तोही वैतागला.

"मिस्त्री, तुमच्या मनाला ताप आलाय. इंजिनाला नाही."

सगळे हसले. नाथाही हसला. त्र्यंबकही हसला खरा, पण तेव्हापासून त्याला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. शंका आली की तो दात आवळून गप्प राही.

चैत्रातली सकाळ होती. धक्क्याला मचवा लागलेला, तांदूळ भरायची घाई. त्र्यंबक इंजिनाला तेल घालत होता आणि त्याला करपल्यासारखा वास आला. त्यानं आसाला हात लावला. कोमट. पट्टा पाहिला. ठीक. पुन्हा तेल घातलं. वास जाईना. बॉयलरच्या खोलीत रोजच गरम असायचं, पण आज तिथं शिरताच तोंडावर चटका बसला. बॉयलरच्या अंगावरच्या लाकडी पट्ट्या काळवंडल्या होत्या.

"नाथा, पाणी किती?"

"अर्ध्यावर आहे दाजी. बघा ना."

पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी बॉयलरच्या तोंडाशी होती. पाणी खरंच अर्ध्यावर होतं. त्र्यंबक वळला, दारापर्यंत गेला, परत आला. काय खुपतंय ते कळेना. पुन्हा वास आला. तो काचेसमोर वाकला आणि तसाच राहिला.

पाणी हलत नव्हतं. इंजिन चालू असलं की काचेतलं पाणी वरखाली होतं, श्वास घेतल्यासारखं. हे नुसतं उभं होतं.

काचेच्या शेजारी तपासणीच्या तोट्या होत्या. त्यानं सगळ्यात खालची उघडली. तिथून पाणी यायला हवं होतं. आली ती कोरडी, फुसफुसणारी वाफ.

"पाणी नाही आत," तो म्हणाला.  "काच तुंबलीय. खोटं दाखवतेय."

नाथाचा चेहरा उतरला. त्यानं झटकन पाण्याच्या पंपाकडे हात नेला. त्र्यंबकनं त्याचं मनगट धरलं.

"पाणी सोडू नको! तापल्या पत्र्यावर थंड पाणी पडलं तर सगळ्याची एकदम वाफ होईल, फुटेल हे. राख टाक आगीवर. ओली माती टाक. सगळी झाकून टाक!"

"इंजिन बंद करू?"

"नको, चालू दे. वाफ जाऊ दे त्याच्या वाटेनं."

तो बाहेर धावला आणि ओरडला, "सगळे बाहेर! धक्क्यावर जा, लांब जा!"

पाखडणाऱ्या बायका सुपं टाकून पळाल्या. गोपीनाथशेठ गादीवरून उठून आला. "मिस्त्री, पुन्हा?"

"शेठ, उद्या मला काढून टाका. आत्ता बाहेर व्हा."

शेठनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो हमालांना हाकारत धक्क्याकडे गेला. आत दोघं फावड्यानं राख लोटत राहिले. इंजिन हळूहळू मंदावलं, दम लागल्यासारखं करून थांबलं. मग ते दोघंही बाहेर आले. नाथा खाडीच्या चिखलात बसून ओकला. त्र्यंबक मात्र सूर्य कलेपर्यंत धक्क्यावर फेऱ्या मारत राहिला. कोणी पाणी दिलं तर भांडं हातात घेऊन चालायचा, प्यायला विसरायचा.

बॉयलर पुरता निवल्यावर त्यानं झाकण काढलं आणि दिवा घेऊन आत शिरला. पत्र्यावर खाराचा जाड पांढरा थर बसला होता. भट्टीवरचा पत्रा एका जागी पोळीसारखा फुगला होता. काचेकडे जाणारं भोक खडूनं बुजवावं तसं बंद होतं. गिरणीच्या विहिरीचं पाणी त्यानं जिभेवर घेतलं आणि थुंकलं. उन्हाळ्यात विहीर आटली की भरतीचं पाणी आत झिरपत होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

मुंबईहून कारागीर आले, फुगलेला पत्रा कापून नवा बसवला. त्र्यंबकनं छिन्नीनं सगळा थर खरवडला. पाणी आता तळ्यावरून बैलगाडीनं यायचं. काचेची वाट रोज वाफ सोडून साफ करायची, असं त्यानं ठरवून टाकलं.

नाथा काही परत आला नाही. "दाजी, मला आता चुलीसमोरही बसवत नाही," म्हणाला आणि डोंबिवलीला बापाबरोबर सुतारकाम करू लागला. रंगूबाईनं नवऱ्यालाही हट्टानं नौपाड्याला नणंदेकडे धाडलं, चार दिवस जिवाला स्वस्थता म्हणून. तिथं त्यानं पहिल्या दिवशी रहाट दुरुस्त केला, दुसऱ्या दिवशी दाराचं बिजागर, आणि तिसऱ्या दिवशी परत आला.

रंगूबाई दारातच उभी होती. "ते काम सोडाल का?" तिनं विचारलं.

"सोडलं तर तिथं दुसरं कोणीतरी उभं असेल," तो म्हणाला. "मी इथं बसून त्याचाच विचार करत राहीन."

ती दारातून बाजूला झाली. मग आत गेली, पाट मांडला. "निदान जेवून जा," ती म्हणाली.