आबा आमच्याकडे जेवायला येतात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं, म्हणजे पुढे चहा सांडायला नको. कारण मी जे करून बसले ना, ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर मीच जबलपूरभर सांगत सुटले असते!

तेव्हा केबल नवीन आलेली. संध्याकाळ झाली की आमच्या घरात एकच काम, मराठी मालिका. त्या मालिकेत एक आबा होते. पांढरीशुभ्र दाढी, डोक्याला फेटा, हातात काठी. घरात भाऊबंदकी होवो की कोणाचं लग्न मोडो, आबा शांतपणे म्हणायचे, "देव देवाचं बघेल, सूनबाई, तू चहा टाक!" बस्स! आम्ही सासू-सुना गहिवरायचो. आणि खरंच उठून चहा टाकायचो.

आबांचं काम करणाऱ्या नटाचं नाव विचाराल, तर ते मला ठाऊक नव्हतं. नावांच्या पाट्या सुरू झाल्या की मी कुकर लावायला उठायची. आबा म्हणजे आबा. देवाचं आडनाव कोणी विचारतं का?

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मालिका त्या नुसती ऐकायच्या. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "काहून? मला सगळं दिसते." मी चिडायची. "आई, समोरचा माणूस ओळखू येत नाही तुम्हाला!" हे माझं वाक्य जरा लक्षात ठेवा. घरचे तर मला विसरूच देत नाहीत.

आणि एक दिवस बातमी आली. मालिकेतली मंडळी अस्थी घेऊन नर्मदेवर येणार, शूटिंग आपल्या ग्वारीघाटला! शिवाय त्याच आठवड्यात शनिवारी आपल्या इथल्या मराठी मंडळासाठी त्याच कलाकारांचं नाटक!

आईंनी माझा हात धरला. "मंगल, मी काही घाट उतरू शकत नाही. पण आबांना एकदा घरी आणून जेवू घाल. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते."

मी शब्द देऊन मोकळी! आणि शेजारच्या शुक्लाभाभीच्या कानावरही घातलं, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळवलं. मंडळात मात्र मी चकार शब्द काढला नाही. तिथे कळलं असतं तर आबांना मोठमोठ्या बंगल्यांत पळवलं असतं. आम्हाला कोण विचारतो?

सोमवारी घाटावर ही गर्दी! मी डब्यात सांबारवड्या, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन गेलेली, पण पुढे जायला वाट नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "काहून मावशी, ऊन लागून राहिलं का? इकडे सावलीत बसून घ्या ना."

पाहते तर पस्तिशीचा एक पोरगेला माणूस. चुरगळलेला टी-शर्ट, पायात रबरी चप्पल, हातात भज्यांचा कागद. बोलणं तर पार आपल्या गल्लीतलं. मी लगेच ओळखलं, हा इथलाच, सामान उचलायला घेतलेला.

"भैया, तू या लोकांतच काम करून राहिला ना? मला आबांना भेटवून दे."

तो जरा थबकला. मग हसला. "आबांना? भेटवतो ना. डब्यात काय आहे, मावशी?"

मी त्याला दोन वड्या दिल्या. कामाचा माणूस, खूश ठेवलेला बरा. त्याने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. मला वाटलं, उपाशी असेल बिचारा.

तेवढ्यात नाव काठाला लागली आणि तिच्यातून कोण उतरलं? आबा! तीच दाढी, तोच फेटा! मी गर्दीत कोपर मारत धावले आणि ओल्या पायरीवरच त्यांचे पाय धरले.

ते दोन पावलं मागे सरले. "अहो ताई, आपला काहीतरी गैरसमज होत आहे. मी आबा नाही."

ऐकलंत? 'गैरसमज होत आहे!' आपल्याकडे गैरसमज कधी 'होत आहे' का? आपल्याकडे तो होऊन राहतो! आपल्या मराठीची आपल्यालाच थोडी लाज असते, खोटं कशाला बोलू. कोणी असं धुतलेलं, इस्त्री केलेलं मराठी बोललं की आपण आधी हात जोडतो. हे बोलणं आबांचंच, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. आणि 'मी आबा नाही' म्हणजे? मोठी माणसं असंच बोलतात हो! खरा गवई कधी म्हणतो का, मला गाता येतं?

"तुमचा साधेपणा आहे, आबा," मी म्हटलं. "रविवारी आमच्या घरी जेवायला यायचं. माझ्या सासूबाईंची इच्छा आहे."

आबांनी त्या भैयाकडे पाहिलं. भैयाने मान हलवली. "येतील, मावशी. मी घेऊन येतो ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी परत गेले. लांबून आबांचा फेटा तेवढा दिसला. काम संपल्यावर त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले, तर काय! आबा चक्क ड्रायव्हरच्या जागेवर! एवढा मोठा कलाकार, आणि स्वतः गाडी चालवतो! माझे डोळे भरून आले. घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "ड्रायव्हर असेल." असा राग आला म्हणता! यांना कलेतलं काय कळतं?

भैयाला मात्र मी पुरता हाताशी धरला. खुर्ची आण, छत्री धर, डबा गाडीत ठेवून दे. तो सगळं हसत करायचा. आजूबाजूचे लोक आमच्याकडे टकामका बघायचे. मला वाटलं, माझा रुबाब बघून राहिले.

शनिवारी नाटक. पडदा उघडला आणि मी खुर्चीतच ताठ झाले. नायकाच्या जागी भैया! कोट-पँट घालून! आणि बोलतोय कसा, तर एकदम शुद्ध!

आता तरी डोक्यात प्रकाश पडावा ना? नाही पडला! मी बाजूच्या खुर्चीतल्या बाईला सांगितलं, "खरा नायक आजारी पडला असेल. ऐन वेळी या पोराला उभं केलं, आणि बिचाऱ्याने किती छान निभावून नेलं!" ती माझ्याकडे बघत राहिली. सबंध नाटकभर मी आबांची वाट पाहिली. ते आलेच नाहीत.

नाटक संपल्यावर बाजूच्या दाराने आत गेले. भैया घाम पुसत होता. मी त्याच्या पाठीवर थाप दिली.

"छान केलंस हं बेटा! पण आबांकडून शीक. आणि स्टेजवर इतकं चांगलं बोलतो, मग एरवी काहून असं बोलून राहिला? जरा शुद्ध बोलत जा, म्हणजे मोठा होशील."

"हो मावशी," तो मान खाली घालून म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडू आलं त्याला. मायेचे दोन शब्द कोण बोलतं हो या लोकांशी!

"आज आबा नाही दिसले?"

"इथेच होते, मावशी. लोकांना दिसत नाहीत."

केवढा गूढ अर्थ! मी रात्रभर त्यावर विचार केला.

रविवार उजाडला. वडाभात, सांबारवड्या, कढी, श्रीखंड. ताटाभोवती रांगोळी. शुक्लाभाभी नवी साडी नेसून सकाळपासूनच येऊन बसलेली. आबा आले, मागून भैया. आबांना मी पाटावर बसवलं, ओवाळलं. आणि भैयाला? भैयाला म्हटलं, "तू घरचाच आहेस, स्वयंपाकघरात ये. वडे तळून होताहेत, तेवढे वाढून दे."

वाढले हो त्याने! आमच्या ह्यांना वाढले, शुक्लाभाभीला आग्रह करकरून वाढले. भाभी म्हणाली, "लड़का बड़ा अच्छा है, मंगलजी, हमारे यहाँ भी शादी में भेज देना."

आई आबांच्या अगदी समोर बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "आबा, एकदा ते म्हणा ना. चहाचं."

आबा घाईघाईने म्हणाले, "देव देवाचं बघेल, सूनबाई, तू चहा टाक." शाळेत हजेरी दिल्यासारखं.

आईंचा चेहरा उतरला. "मंगल, हे आबा नाहीत."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले! "आई! असं काय बोलून राहिल्या? तुम्हाला दिसत नाही ना, म्हणून."

"दिसत नाही, पण ऐकू येते. हे आबा नाहीत."

आता काय करावं? आबा घास हातात धरून बसलेले, शुक्लाभाभीचा आ वासलेला. आईंचे डोळे भरलेले. माझा शब्द गेला, ऑपरेशन गेलं, गल्लीत नाक गेलं! आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून, अगदी टीव्हीतून यावा तसा तो थरथरता, मायेचा आवाज आला.

"देव देवाचं बघेल, सूनबाई, तू चहा टाक!"

"आबा!" आई झटकन वळल्या. "आबा आले!"

दारात भैया उभा. एका हातात झारा, दुसऱ्या हातात वड्यांचं ताट.

पाटावरचे गृहस्थ अजिजीने म्हणाले, "ताई, मी पहिल्या दिवसापासून सांगत आहे. मी यांची गाडी चालवतो. दाढी माझी खरी आहे आणि यांना पाण्याची भीती वाटते, म्हणून नावेत मला बसवलं."

आमचे हे माझ्याकडे बघून श्रीखंड खात राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

मी भैयाकडे वळून म्हटलं, "अहो... तुम्ही सांगितलं काहून नाही?"

तो आईंच्या पायाशी बसला. "मावशी, माझी आई इथलीच, जबलपूरच्या गढ्याची. ती गेल्यापासून मला 'काहून असं करून राहिला' म्हणून कोणी रागावलंच नव्हतं. तुम्ही रागावल्या. मग वाटलं, राहू दे, आबा तर मी रोजच असतो." मग हळूच म्हणाला, "आणि वड्या अगदी तिच्यासारख्या होत्या."

खरं सांगते, तेव्हा मला रडूच आलं. लाजेने किती आणि मायेने किती, ते नका विचारू. मी त्याला पाटावर बसवलं, सांबारवड्यांचं सगळं ताट त्याच्यासमोर ठेवलं. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. दाढी नाही म्हणून त्यांचं काहीच अडलं नाही.

जाताना तो म्हणाला, "मावशी, शुद्ध बोलायचं लक्षात ठेवतो हं."

तर आईंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी काही कुरकुर न करता माझ्याबरोबर डॉक्टरकडे आल्या. आम्ही दोघी समोर बसलो. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हाँ जी, आँखें किसको दिखानी हैं?"

आणि आईंनी बोट केलं, ते सरळ माझ्याकडे!