व इतर सहा

"बायका? नाय हो, बायका नाय येत इथं सायकलीवर," फाटकावरचे काका फोनवर सांगत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर, हेल्मेट काढून घाम पुसत उभी. माझ्याकडे बघून ते नेहमीसारखे प्रेमाने हसले आणि पुढे म्हणाले, "वहीत एक पण नाव नाय."

हे फाटक मोहन्याच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. दर रविवारी आम्ही सातजण डोंबिवलीहून माउंटन बाइक घेऊन तिथे जातो. फोन ग्रामपंचायतीतून होता. फाटकाशी बायकांसाठी शौचालय बांधायचं की नाही, ते बायका किती येतात यावर ठरणार होतं. रविवारी सकाळी घरी परतेपर्यंत मी पाणी घोटघोटच पिते, त्यामुळे प्रश्न माझाच होता.

आमच्या ग्रुपचे म्होरके निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे सर. ते म्हणाले, "अगं, तू ऑफिसात दिवसभर आकडेच बघतेस ना? मग हाही आकडा तूच काढ की!"

फाटकावर येणारे जिच्यात नावं लिहितात ती वही मी मागून घेतली. मराठी आकडे वाचताना मी अजून अडखळते, शाळा इंग्रजी. पण वाचण्यासारखं फार नव्हतंच. प्रत्येक ओळीत एका पुरुषाचं नाव, पुढे 'व इतर चार', 'व इतर सहा'. सायकलवाल्यांच्या ॲपवर पाहिलं, तर स्त्री की पुरुष हे कित्येकांनी भरलेलंच नव्हतं. मीही नव्हतं भरलं.

मग तीन रविवार टेकडीवर न जाता काकांच्या बाकड्यावर बसले. बाई दिसली की कागदावर एक रेघ. काका चहा द्यायचे आणि लांबूनच सांगायचे, "पुरुष हाय." सायकल जवळ आली की हेल्मेटखालून वेणी निघायची. "आयला! मार रेघ," म्हणत ते माझ्याहून जास्त खूष व्हायचे.

तिसऱ्या रविवारी त्यांनी रेघा मोजल्या. "आणि तुझी कुठं गो?"

मी स्वतःला धरलंच नव्हतं.

"पण पंचायत हा कागद नाय मानायची, पोरी. त्यांना वही लागते. वहीत नावं पायजेत."

पुढच्या रविवारी सरांनी सवयीने पेन उचललं. 'इतर'मध्ये मला बरं वाटायचं, हे खरं आहे. तिथे कुणी काही विचारत नाही. सरांचं नाव लिहून झालं, 'व'सुद्धा झाला. मी पेनासाठी हात पुढे केला.

"सर, इतर पाच लिहा. माझं नाव मी लिहिते."